अँजी ब्रूक्स यांना अर्धी ओळ पुरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संयुक्त राष्ट्रसंघात मोठ्या पदांवर पोचलेल्या बायकांवर तुमच्या पुरवणीत जो लेख आला तो वाचला. विजयालक्ष्मी पंडित यांच्यावर छान दोन कॉलम आहेत आणि ते हवेच होते, १९५३ मध्ये आमसभेच्या अध्यक्ष झालेल्या त्या जगातल्या पहिल्या बाई. पण त्यांच्यानंतर लेख एकदम २००६ ला बहरीनच्या शेखा हया यांच्यावर येतो, आणि मधे १९६९ मध्ये अध्यक्ष झालेल्या अँजी ब्रूक्स यांना "लायबेरियाच्या एक प्रतिनिधी" असं म्हणून अर्ध्या ओळीत उरकलंय. मला हे फार लागलं. जगातल्या दुसऱ्या बाई, आफ्रिकेतल्या पहिल्या, आणि आफ्रिकेतून त्यांच्यानंतर आजपर्यंत दुसरी कुणी बाई त्या खुर्चीवर बसलेली नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, लांब झालंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

अँजी एलिझाबेथ ब्रूक्स यांचा जन्म २४ ऑगस्ट १९२८ चा, लायबेरियाची राजधानी मोन्रोव्हियाजवळच्या व्हर्जिनिया गावातला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक, घरात नऊ भावंडं, पैसा नाही, म्हणून ह्या मुलीला मोन्रोव्हियात एका विधवा बाईंकडे वाढायला ठेवलं, त्या बाई शिवणकाम करून पोट भरायच्या. मग शाळेचा खर्च कुठून यायचा? अँजी लहान वयातच, शाळकरी असतानाच, स्वतःची स्वतः टाइपिंग शिकल्या आणि लोकांचे कोर्टाचे कागद टाइप करून देऊन पैसे मिळवायला लागल्या. पुढे सरकारी नोकरीत स्टेनो झाल्या, कोर्टात बसायचं आणि वकील, साक्षीदार, जज जे जे बोलतील ते उतरवून घ्यायचं. मला त्यांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली ह्या नोकरीत दिसते. दुसऱ्याचं म्हणणं तोडमोड न करता कागदावर यायला हवं, ज्याचं म्हणणं कागदावर येत नाही त्याला न्याय मिळत नाही, हे त्या विशीत पोचायच्या आत रोज डोळ्यांनी बघत होत्या. न्यायव्यवस्थेत काय काय बिघडलंय तेही तिथेच दिसलं आणि वकील व्हायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

ह्याच काळात, चौदाव्या वर्षी, लग्न झालं होतं, दोन मुलगे झाले, पुढे ते लग्न मोडलं. ह्यावर कुणी मोठं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, पण लहान वयातलं लग्न, दोन पोरं, घटस्फोट आणि वर नोकरी, एवढं सगळं असताना ती मुलगी म्हणते मला वकील व्हायचंय, हे १९४० च्या दशकातलं आहे हे लक्षात घ्या. लायबेरियात बायकांना मताचा हक्कच १९४६ मध्ये मिळाला, आणि तोही आधी सगळ्यांना नाही.

तेव्हा देशात लॉ कॉलेज नव्हतं. वकील व्हायचं तर एखाद्या मोठ्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची अशी पद्धत होती, त्या क्लॅरेन्स सिम्पसन यांच्याकडे शिकल्या, हे सिम्पसन म्हणजे राष्ट्राध्यक्ष टबमन यांच्या काळातले उपराष्ट्राध्यक्ष. बाई कोर्टात उभी राहून बोलतेय ह्याचंच लोकांना हसू यायचं, टिंगल व्हायची. त्या थांबल्या नाहीत पण एवढ्या शिक्षणावर भागणार नाही हे त्यांना कळलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॅली शहरात शॉ युनिव्हर्सिटी आहे, १८६५ मध्ये काळ्या लोकांसाठी सुरू झालेली, तिथे प्रवेश मिळाला, पण जायला पैसे नाहीत. मग त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष विल्यम टबमन यांना गाठलं आणि प्रवासाची सोय करून घेतली. तिकडे पोचल्यावर भांडी घासली, कपडे धुतले, लायब्ररीत काम केलं, हॉस्पिटलमध्ये मदतनीस म्हणून राबल्या आणि १९४९ मध्ये बीए झाल्या.

रॅली हे दक्षिणेतलं शहर. बसमध्ये काळ्यांनी मागे बसायचं, हॉटेलं वेगळी, पाण्याचे नळ वेगळे, आणि हे सगळं कायद्याने. स्वतःच्या देशात काळा राष्ट्राध्यक्ष बघून आलेली मुलगी तिथे काळी म्हणून मागे ढकलली जात होती. ती चार वर्षं वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही, कायदा कागदावर असतो तेव्हा तो कुणाच्या बाजूने लिहिलाय हे आधी बघायचं, हे त्यांच्यात तिथून आलं असणार. मग उत्तरेला विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटी, तिथे कायद्याची पदवी, शिवाय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध ह्यातली मास्टर्स, आणि त्यानंतर लंडन युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास.

१९५३ मध्ये परत आल्या आणि सुप्रीम कोर्टाच्या वकील म्हणून नोंद झाली. त्याच वर्षी सरकारने त्यांना सहायक ॲटर्नी जनरल नेमलं, ते काम १९५८ पर्यंत. त्याच्याच जोडीला १९५४ पासून लायबेरिया युनिव्हर्सिटीत कायदा शिकवायला लागल्या, तिथला कायद्याचा विभाग उभा करण्यात त्यांचा हात होता. ज्या देशात आपल्याला लॉ कॉलेज मिळालं नाही तिथे पुढच्यांसाठी ते करून द्यायचं, ह्याचं मला फार कौतुक आहे, आणि तुमच्या लेखात हे असायला हवं होतं असं अगदी मनापासून वाटतं.

१९५४ पासूनच त्या लायबेरियाच्या शिष्टमंडळातून राष्ट्रसंघात जायला लागल्या. इथे थोडी पार्श्वभूमी सांगते कारण त्याशिवाय त्यांच्या कामाचं वजन कळत नाही. १९४५ मध्ये राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा ५१ देश होते, त्यात आफ्रिकेतले फक्त चार, इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. त्यातल्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांचं राज्य. म्हणजे सहारा वाळवंटाच्या खालचा जवळजवळ सगळा खंड दुसऱ्यांच्या ताब्यात होता आणि त्या लोकांच्या बाजूने बोलायला सभागृहात मोजून दोन काळे देश. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, जपानकडून काढून घेतलेल्या वसाहतींपैकी अकरा प्रदेश राष्ट्रसंघाने 'विश्वस्त प्रदेश' म्हणून ठेवले होते, टांगानिका, टोगोलँड, कॅमेरून, रुआंडा-उरुंडी, सोमालिलँड, पॅसिफिकमधली बेटं वगैरे. कारभार ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, अमेरिका असे देश बघायचे आणि त्यांच्यावर नजर ठेवायला विश्वस्त मंडळ.

आता ह्यातली महत्त्वाची गोष्ट. राष्ट्रसंघाच्या सनदेचं ८७ वं कलम असं आहे की ह्या प्रदेशातले लोक अर्ज पाठवू शकतात, ते अर्ज तपासले गेले पाहिजेत, आणि ठरावीक काळाने तिथे पथक जाऊन प्रत्यक्ष बघून आलं पाहिजे. वसाहतींचे प्रश्न बघणाऱ्या आमसभेच्या चौथ्या समितीत तर अर्जदार समोर येऊन तोंडी म्हणणं मांडायचे. गावातला शिक्षक, एखाद्या पक्षाचा कार्यकर्ता, निर्वासित, कुणीही असो, न्यूयॉर्कला येऊन बसलेल्या राजदूतांसमोर सांगू शकायचा की आमच्याकडे असं असं चाललंय. ब्रूक्स बाईंचं करिअर ह्याच खोल्यांत घडलं. कोर्टात स्टेनो म्हणून त्या जे करायच्या आणि वकील म्हणून जे करायच्या तेच काम इथे मोठ्या प्रमाणावर होतं, ज्याला कुणी विचारत नाही त्याचं म्हणणं नोंदलं जाणं, मग त्यावर प्रश्न विचारणं, मग ठरावाचा मसुदा शब्द शब्द भांडून नीट करून घेणं. राजनैतिक काम म्हणजे मेजवान्या आणि हस्तांदोलन असं आपल्याला वाटतं, पण ह्या समित्यांमधे वकिलीच चालायची आणि ती त्यांना येत होती. १९६१ मध्ये त्या चौथ्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६० मध्ये, आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले होते, एकामागून एक नवे प्रतिनिधी येऊन बसत होते आणि वसाहतींचा प्रश्न तापला होता, अशा वेळी ती समिती चालवणं सोपं नव्हतं.

मग १९६२ चा रुआंडा-उरुंडीचा विषय. बेल्जियमच्या ताब्यातला हा प्रदेश, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं, हुतू आणि तुत्सी ह्या तिथल्या दोन समाजांतला वाद पेटलेला, रुआंडातून हजारो तुत्सी पळून शेजारच्या देशांत गेलेले. राष्ट्रसंघाने पाच जणांचा आयोग नेमला, ब्रूक्स त्याच्या अध्यक्ष. दोन्ही भाग मिळून एक देश व्हावा अशी आमसभेची इच्छा होती, एप्रिलमध्ये अदिस अबाबाला बोलणी झाली, पण दोघांनाही एकत्र राहायचं नव्हतं, आर्थिक बाबतीत एकत्र काम करायचं एवढंच ठरलं आणि १ जुलै १९६२ ला रवांडा आणि बुरुंडी असे दोन वेगळे देश जन्माला आले. तिथे पुढे काय झालं, १९९४ मध्ये रवांडात तुत्सींचं केवढं हत्याकांड झालं, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. ह्या आयोगाला यश आलं असं मी म्हणणार नाही. पण चार महिन्यांत पाच माणसांनी ती आग विझवायची होती ही अपेक्षाच चुकीची होती असं माझं स्पष्ट मत आहे, वंशाचे शिक्के असलेली ओळखपत्रं वाटून बेल्जियमने जे करून ठेवलं होतं त्याला तीसेक वर्षं होऊन गेली होती.

१९६४ मध्ये पॅसिफिक बेटांवर गेलेल्या पथकात त्या होत्या आणि १९६६ मध्ये विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष झाल्या, ह्या पदावरची पहिली आफ्रिकन बाई. ज्या मंडळात वसाहती सांभाळणारे देश ठाण मांडून बसलेले त्याच्या अध्यक्षपदी लायबेरियाची बाई, ह्याचा अर्थ तेव्हाच्या लोकांना बरोबर कळला असेल. ह्याच सुमारास त्या महिला वकिलांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षही होत्या. आणि ह्याच वर्षी लायबेरिया आणि इथिओपिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढवलेल्या खटल्याचा निकाल आला. खटला नैर्ऋत्य आफ्रिकेचा, म्हणजे आजच्या नामिबियाचा, १९६० मध्ये दाखल केलेला, सहा वर्षं चाललेला, आणि शेवटी न्यायाधीश सात विरुद्ध सात असे विभागले गेले आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने असं ठरलं की ह्या दोन देशांना तक्रार करायचा हक्कच सिद्ध होत नाही! मूळ प्रश्नावर निकालच नाही. आफ्रिकेतल्या किती वकिलांचा त्या दिवशी कायद्यावरचा विश्वास डळमळला असेल. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आमसभेने ठराव करून दक्षिण आफ्रिकेचा त्या प्रदेशावरचा हक्क संपल्याचं जाहीर केलं, न्यायालयाचं दार बंद झालं तर सभागृहाच्या दाराने. नामिबिया प्रत्यक्ष स्वतंत्र व्हायला १९९० उजाडलं ते वेगळं.

आता एक प्रसंग सांगते जो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. ३० एप्रिल १९६३. ब्रूक्स एव्हाना लायबेरियाच्या सहायक परराष्ट्र मंत्र्याच्या दर्जाच्या अधिकारी, राष्ट्रसंघातलं ओळखीचं नाव. त्या रॅलीला एका भाषणासाठी गेल्या, त्याच शहरात जिथे त्या शिकल्या, भांडी घासली. तिथे शिकवणारे अलार्ड लोवेनस्टाइन, जे पुढे अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले, ते त्यांना जेवायला घेऊन गेले, सर वॉल्टर हॉटेलमध्ये, ज्या हॉटेलात राज्याचे आमदार उतरायचे. तिथे त्यांना वाढायला नकार दिला. मग एस अँड डब्ल्यू कॅफेटेरियात गेले, तिथेही नकार. प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत गेलं, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला माफी मागावी लागली, आणि रॅली शहरात विद्यार्थ्यांची जी आंदोलनं चालू होती त्यांना त्याने आणखी जोर चढला. कुणी म्हणेल राजदूत होत्या म्हणून माफी तरी मिळाली, खरंय, त्या शहरात राहणाऱ्या काळ्या माणसाला तेही मिळत नव्हतं. पण म्हणूनच त्या तिथे बसायला गेल्या हे महत्त्वाचं वाटतं, परदेशी पाहुणी म्हणून वेगळी वागणूक न मागता. सार्वजनिक ठिकाणचा हा भेदभाव बंद करणारा कायदा पुढच्याच वर्षी, जुलै १९६४ मध्ये झाला.

आणि मग १९६९. आमसभेचे आधीचे अध्यक्ष, ग्वातेमालाचे एमिलियो अरेनालेस, त्याच वर्षी वारले होते. सप्टेंबरमध्ये चोविसावं अधिवेशन सुरू झालं, तेव्हा १२६ देश होते, आणि अँजी ब्रूक्स अध्यक्ष झाल्या. तेव्हाच्या फोटोंमध्ये त्या लायबेरियाच्या पारंपरिक पोशाखात, डोक्याला कापड बांधून, वरच्या त्या उंच टेबलाशी बसलेल्या दिसतात, शेजारी महासचिव ऊ थांट. पदावर बसल्यावर गोडगोड बोलून मोकळं होता आलं असतं, पण त्यांनी सभागृहाला तोंडावर सांगितलं की आपली भाषणं, आपले आपसातले करार आणि आपले ठराव ह्यांनी बाहेरच्या जगाच्या व्यवहारात फारसा फरक पडलेला नाही. पंधरा वर्षं ठरावांचे मसुदे घासून काढलेल्या बाईने हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या त्या अधिवेशनात आफ्रिकन देशांच्या लुसाका जाहीरनाम्याचं स्वागत झालं, दक्षिणेतल्या गोऱ्या राजवटींशी शक्यतो बोलणी करू, पण स्वातंत्र्याचा हक्क सोडणार नाही असं सांगणारा तो दस्तऐवज. खोल समुद्राच्या तळातली संपत्ती कुणी एकट्याने उपसू नये, आधी सगळ्यांसाठी नियम होऊ देत, हा ठरावही तेव्हाचाच, श्रीमंत देशांना तो आवडला नव्हता.

त्यांच्याबद्दल लिहिताना फक्त गौरव करून भागणार नाही हेही मान्य आहे. लायबेरिया म्हणजे अमेरिकेतून परत आलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांनी उभा केलेला आणि त्यांनीच शंभरावर वर्षं चालवलेला देश, एकाच पक्षाची सत्ता, आतल्या भागातल्या मूळ जमातींना बरोबरीचं स्थान नाही. १९३० मध्ये तर सक्तीच्या मजुरीच्या प्रकरणात राष्ट्राध्यक्षांना पद सोडावं लागलं होतं. बाहेर वसाहतींविरुद्ध बोलणारं सरकार घरात असं वागत होतं आणि ब्रूक्स त्याच सरकारच्या अधिकारी होत्या. हे झाकून त्यांच्यावर लेख लिहू नये. पण त्यांनी बाहेर केलेलं काम ह्यामुळे खोटं ठरतं असं मला वाटत नाही, टांगानिकाच्या किंवा नामिबियाच्या अर्जदाराला समोर ऐकून घेणारं कुणी बसलेलं होतं ह्याचा फायदा त्याला झालाच.

पुढचं थोडक्यात. १९७५ ते ७७ त्या लायबेरियाच्या राष्ट्रसंघातल्या कायम प्रतिनिधी होत्या. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष टॉलबर्ट यांनी त्यांना सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश नेमलं, लायबेरियाच्या सुप्रीम कोर्टातली पहिली बाई. एकेकाळी कोर्टात खाली बसून दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घ्यायच्या, त्या आता निकाल लिहायला. तीनच वर्षं मिळाली. १२ एप्रिल १९८० ला लष्करातले सार्जंट सॅम्युएल डो यांनी बंड केलं, टॉलबर्ट मारले गेले, दहा दिवसांनी तेरा बड्या अधिकाऱ्यांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या, त्यात सरन्यायाधीश जेम्स पिअरही होते. ज्या माणसाबरोबर त्या न्यायासनावर बसायच्या त्याला नीट सुनावणीसुद्धा मिळाली नाही, बचावाला वकील नाही, अपील नाही. आयुष्यभर सुनावणीच्या हक्कासाठी काम केलेल्या बाईने हे बघितलं. मग १९८९ पासून यादवी युद्ध, २००३ पर्यंत.

हो, आणि एक राहिलंच, स्वतःची दोन मुलं असताना त्यांनी डझनावारी पोरं सांभाळली, वाढवली, शिकवली. त्या स्वतः दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या.

९ सप्टेंबर २००७ ला अमेरिकेत ह्यूस्टनला त्या वारल्या. तेव्हा लायबेरियाच्या राष्ट्राध्यक्ष होत्या एलेन जॉन्सन सर्लीफ, आफ्रिकेतल्या निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, आणि ब्रूक्स यांना मायदेशी सरकारी इतमामात निरोप देण्यात आला, त्यांच्या व्हर्जिनिया गावातच. मोन्रोव्हियात आज त्यांच्या नावाचं केंद्र आहे, महिलांच्या नेतृत्वावर आणि शांततेवर काम करणारं.

संपादक साहेब, आफ्रिका तुमच्या पेपरात येते ती बहुतेक वेळा युद्ध, साथ किंवा बंड झालं की. १९५३ नंतर १९६९, मग थेट २००६, मग २०१८ ला इक्वेडोरच्या एस्पिनोसा आणि २०२५ ला जर्मनीच्या बेअरबॉक, ऐंशी वर्षांत आमसभेच्या अध्यक्षपदी ह्या एवढ्याच पाच बायका, आणि महासचिव तर अजून एकही नाही. पाचांमधल्या एकीला अर्धी ओळ देणं बरोबर नाही. २४ ऑगस्ट २०२८ ला अँजी ब्रूक्स यांची जन्मशताब्दी आहे. त्या आठवड्यातल्या रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर पूर्ण पान द्या, कायदा शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकांकडून लिहून घ्या म्हणजे विश्वस्त मंडळ आणि १९६६ चा निकाल हा भाग नीट येईल, मी वर लिहिलंय त्यापेक्षा चांगला. राष्ट्रसंघाच्या फोटो संग्रहात त्यांचे १९६९ चे फोटो आहेत, त्यातला एक मोठा छापा. आणि तोवर निदान ह्या लेखाच्या ऑनलाइन आवृत्तीत ती अर्धी ओळ बदलून त्या कोण होत्या ते चार वाक्यांत लिहा, ते तर उद्याच होऊ शकतं.

कळावे,
आपली एक जुनी वाचक